आर्व्हिल स्टॅम्परचा दगड

वेंडेल क्रॅब्ट्रीला फक्त बारा खुर्च्या मांडायच्या होत्या. पुढे सहा महिने तो हे वाक्य भेटेल त्याला, त्यानं विचारो न विचारो, ऐकवत राहिला. घरामागची हिरवळ, बारा घडीच्या खुर्च्या, बर्ल हॉलिफील्डचं चार जणांचं ब्लूग्रास, म्हणजे डोंगरी गाण्यांचं, पथक आणि मध्यंतरात बायको वॉन्डाच्या हातचं बटाट्याचं सॅलड. बस्स. निमित्त काय, तर आर्व्हिल स्टॅम्परच्या रेकॉर्डला त्या वर्षी साठ वर्षं पुरी होत होती.

सॉरवुड गावात आर्व्हिलचं नाव माहीत नाही असा माणूस नव्हता, आणि नावापलीकडे काही माहीत आहे असाही नव्हता. त्याच्या आधी या दरीतले लोक बँजोवर नखं आपटत, आणि तेही बरंच वाटायचं. मग छप्पन्न साली ती एक रेकॉर्ड निघाली. तीन बोटांनी छेडलेला बँजो, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. त्यानंतर दरीत पुन्हा कुणी नखं आपटली नाहीत. आर्व्हिल जाऊन वीस वर्षं झाली होती, आणि त्याच्या नावाचं गावात काहीही नव्हतं. साधा बाक नव्हता. कौंटीच्या रस्ते खात्यात एकतीस वर्षं खिडकीमागे बसून निवृत्त झालेल्या वेंडेलला हे फार लागलं. आपल्याही नावाचा बाक कुठं नाही, हे त्याच्या मनात नव्हतं असं नाही.

पहिला सल्ला कुंपणापलीकडून आला. तिथं ड्युएन मलिन्स राहतो. ड्युएनची प्रत्येक हकीकत हॉस्पिटलात नाहीतर कोर्टात संपते. फार चांगला दिवस असला तर दोन्हीकडे.

"किती माणसं?" ड्युएननं विचारलं.

"बारा."

"आर्व्हिलसाठी बारा? अरे, बर्लच्या नात्यातलेच चाळीस येतील. आणि येऊन उभे कुठं राहतील? तुझ्या सेप्टिक टाकीवर. माझ्या मेव्हण्यानं पोरीच्या लग्नात मागच्या अंगणातच मांडव घातला होता. टाकीच्या झाकणावर व्याही उभे होते."

"मग?"

"होते," ड्युएन म्हणाला, आणि गवत कापायला निघून गेला.

त्या दिवसापासून वेंडेलला हिरवळीवर एकट्यानं उभं राहायचीही भीती वाटू लागली. कार्यक्रम चर्चच्या मैदानावर हलला.

चर्चचे ब्रदर कॉय स्वभावानं मऊ. मैदान त्यांनी लगेच दिलं. अट एकच घातली. "वेंडेल, देवाच्या जागेवर खून नकोत."

"खून?"

"गाण्यांत."

वेंडेलनं बर्लची यादी काढून पाहिली. चौदा गाणी होती. त्यांतल्या आठांत एक मुलगी नदीत ढकलली जात होती, एकात तिचा बाप सुरा काढत होता. इतकी वर्षं आपण या गाण्यांवर पाय आपटून ताल देत आलो आणि शब्द एकदाही ऐकले नाहीत, याचं वेंडेललाच नवल वाटलं. बराच वेळ घासाघीस झाली. आगगाडीचा अपघात चालेल, कारण तो अपघात आहे, असं ब्रदर कॉयनी मान्य केलं. उरलेल्या जागी आईची कबर आणि म्हातारपणी मोडकं पडलेलं घर अशी गाणी भरली. यादी आता निर्दोष होती. फक्त वाचून झाल्यावर ती दुखवट्याची वाटत होती.

मग कौंटीची परवानगी. ज्या खिडकीमागे वेंडेलनं एकतीस वर्षं काढली, तिथं आता मिसेस फ्लीनर बसतात. त्यांनी मान वर केली नाही.

"नंबर घ्या."

वेंडेलनं मागं वळून पाहिलं. खोलीत चिटपाखरू नव्हतं. "मी वेंडेल क्रॅब्ट्री," तो म्हणाला. "मी इथंच…"

"नंबर घ्या, सर."

त्यानं नंबर घेतला. चौदा. भिंतीवरच्या पाटीवर तेरा होता. तो बाकावर बसला, कारण उभं राहणं अपमानाचं वाटत होतं. बसल्यावर बसणंही तसंच वाटू लागलं. चार मिनिटांनी मिसेस फ्लीनरनी रिकाम्या खोलीला हाक दिली, "चौदा!"

"किती माणसं जमणार?"

पन्नासच्या वर गेलं की लांबलचक फॉर्म लागतो, हे वेंडेलइतकं कुणाला माहीत असणार? "एकोणपन्नास," तो म्हणाला.

"वादक धरून?"

"सोडून."

"वादक माणसांत धरत नाहीत का?"

बर्ल हॉलिफील्ड डोळ्यांसमोर आल्यामुळे वेंडेलला ताबडतोब उत्तर देता आलं नाही. तेवढ्यात लांबलचक फॉर्म खिडकीतून बाहेर आला. तो त्यानं ओळखला. तो त्यानंच बनवला होता. तिसऱ्या पानावरचा 'वरीलपैकी काहीही लागू नसल्यास सविस्तर कारण द्या' हा रकाना म्हणजे त्याच्या नोकरीतली एकमेव स्वतंत्र कल्पना. साहेबांनी तेव्हा पाठ थोपटली होती. आता त्या रकान्यापुढं तो स्वतः पेन चावत बसला आणि काही केल्या कारण सुचेना.

फॉर्ममधून तीन फिरते संडास निघाले, अग्निशमनवाल्यांचं पत्र निघालं, विमा निघाला. विमेवाल्या बाईनं फोनवर विचारलं, श्रोते चवताळण्याची शक्यता किती? वेंडेलनं प्रामाणिकपणे सांगितलं, की श्रोत्यांचं सरासरी वय एकाहत्तर आहे. मग बाईनं वेगळाच विमा काढायला लावला.

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे दगड. ही कल्पना कौंटीच्या कुणा बड्या सभासदाची. कार्यक्रम होतोच आहे तर मैदानाच्या कोपऱ्यात एक स्मारकशिला असावी, अनावरणाला आपण येऊ, असं त्यांनी कळवलं. खाणीवाल्यानं हजार पौंड वजनाचा दगड दिला. तो ट्रॅक्टरनं आणताना चर्चचं फाटक मोडलं, ते ड्युएननं दुरुस्त केलं, म्हणजे आता ते उघडतच नाही. दगडावर पितळी पाटी बसली. मजकूर वेंडेलचा: 'आर्व्हिल स्टॅम्पर. या दरीत तीन बोटांनी बँजो वाजवणारा पहिला वादक.' वॉन्डाच्या जुन्या टेबलक्लॉथनं दगड झाकून ठेवला. लांबून तो कोपऱ्यात रुसून बसलेल्या म्हातारीसारखा दिसे.

कार्यक्रमाला तीन आठवडे उरले तेव्हा राहिलं होतं फक्त माहितीपत्रक. त्यासाठी आर्व्हिलच्या खासगी आयुष्यातल्या चार गोड गोष्टी हव्या होत्या. म्हणून वेंडेल आर्व्हिलच्या धाकट्या बहिणीकडे गेला.

झेल्माबाई ऐंशीच्या जवळ आलेल्या. ओढ्याच्या वरच्या अंगाला एकट्या राहतात. त्यांनी कॉफी ओतली, स्वतः समोर बसल्या आणि दोन्ही हात फॉर्मायकाच्या टेबलावर ठेवले. बोटांच्या पेरांना आल्याच्या गाठींसारखे फुगवटे आले होते. वेंडेलनं प्रश्नांचा कागद उलगडला.

"आर्व्हिलचा आवडता पदार्थ, मिस झेल्मा?"

"वाळवलेल्या सफरचंदांचा केक. सात थरांचा."

वेंडेलनं लिहिलं. "आणि बँजो ते कुणाकडून शिकले?"

"माझ्याकडून."

वेंडेलनं तेही लिहिलं. आधी लिहायचं आणि मग वाचायचं, ही सरकारी सवय. मग त्यानं वाचलं.

"म्हणजे… तुमच्या घरात कुणाकडून तरी?"

"माझ्याकडून, वेंडेल. आतल्या खोलीत पलंगावर बसून. त्याचा अंगठा वेळेवर पडायचा नाही. मी लाकडी चमच्यानं मारायची."

"पण रेकॉर्डवर तर…"

"रेकॉर्डच्या आठवड्यात त्याचा हात लाकूड कापायच्या गिरणीत सापडला होता. गळ्यात झोळी घालून गेला. रेडिओ स्टेशनचा माणूस म्हणाला, आज नाही तर कधीच नाही. वडील म्हणाले, झेल्मा, तू वाजव. मी वाजवलं. आर्व्हिल शेजारी उभा राहून पाय आपटत होता." त्यांनी क्षणभर आठवून पाहिलं. "पाय चांगला आपटायचा."

"मग नाव?"

"वडील म्हणाले, मुलीचं नाव गावोगाव फिरायला नको."

"पण नंतर? त्यांचा हात बरा झाल्यावर?"

"बरा झाला तसा वाजवायला लागला. चांगलं वाजवायचा, नाही कशाला म्हणू? मला त्यानं कपडे धुण्याचं मशीन आणून दिलं. बावीस वर्षं चाललं ते."

वेंडेलची कॉफी निवून गेली होती. "तुम्ही हे कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणी विचारलं नाही. तू पहिला. आणि तूही केकबद्दल विचारायला आलास."

हे त्या रागानं म्हणाल्या असत्या तर वेंडेलला सोपं गेलं असतं. पण त्या खिडकीबाहेर बघत होत्या, आणि उजव्या हाताची तीन बोटं आपोआप टेबलावर पडत होती. अंगठा, पहिलं, मधलं, अंगठा. बोटं जड होती, मधूनच अडखळत होती. पण त्या पत्र्यावरच्या गारा वेंडेल लहानपणापासून ऐकत आला होता. त्यानं पेनाला टोपण लावलं.

घरी येऊन त्यानं वॉन्डाला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग दगड बदल."

"हजार पौंडांचा आहे तो!"

"आणि नाव किती पौंडांचं आहे?"

बायकांना व्यवहार कळत नाही, असं वेंडेल मनात म्हणाला. मनातच, कारण व्यवहार त्याला कळत होता. पाटी लागली होती. फॉर्मवर कारणाच्या जागी आर्व्हिलचं नाव होतं. ते बदललं तर फॉर्म पहिल्यापासून. सभासद येणार होते. आणि पुरावा काय? एका म्हातारीनं टेबलावर वाजवलेली बोटं.

ड्युएनला कुंपणापलीकडून कसं कोण जाणे, निम्मं कळलंच. तो म्हणाला, "मी सांगतो म्हणून नाही, पण मेलेल्या माणसावर कुणी केस करत नाही. जिवंत माणसाला खोटं पाडलंस तर वकील येतो."

"पण इथं खोटा मेलेला आहे आणि जिवंत खरी आहे."

"मग तर तू मेलासच," ड्युएन म्हणाला.

बर्लला तरी आधी सांगावं म्हणून वेंडेल त्याच्या टायरच्या दुकानात गेला. चार दशकं आर्व्हिलची रेकॉर्ड घासून बर्ल बँजो शिकला होता. थोरल्या मुलाचं नाव त्यानं आर्व्हिल ठेवलं, आणि मुलगा कॅन्ससला निघून गेल्यावर कुत्र्याचं. गल्ल्याच्या वर आर्व्हिलचा फोटो होता, त्याला दर वर्षी नवी चौकट. वेंडेलनं तीनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा हवेबद्दल बोलला, दुसऱ्यांदा टायरच्या हवेबद्दल. तिसऱ्यांदा बर्लनंच त्याच्या हातात घरच्या बीटच्या लोणच्याची बरणी ठेवली आणि म्हणाला, "वेंडेल, तू हे आर्व्हिलसाठी करतोयस, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही." वेंडेल बरणी घेऊन घरी आला. तो जन्मात बीट खात नाही.

शेवटी त्यानं ठरवलं, अनावरणाच्या वेळी भाषणातच सांगायचं. सगळ्यांसमोर, एकदाच. न्हाणीघरातल्या आरशापुढं त्यानं रोज तालीम केली. आरशातला माणूस रोज पटल्यासारखी मान हलवायचा, पण तो वेंडेलचाच माणूस. त्याचं काय घ्या.

कार्यक्रमाच्या शनिवारी सकाळपासून आकाश धुतलेल्या फडक्यासारखं लोंबत होतं. पाऊस म्हणावा तर पडत नव्हता, नाही म्हणावा तर कपडे ओले होत होते. तीन फिरते संडास घेऊन आलेला ट्रक, फाटक उघडेना म्हणून शेतातून वळला आणि चिखलात आसापर्यंत रुतला, तो नेमका गाड्या लावायच्या जागेच्या तोंडाशी. सभासद येणार म्हटल्यावर अडीचशे माणसांची सोय केली होती. सत्तर आली, आणि ती मैलभर चालत आल्यामुळे आधीच रागावलेली होती. संडास लांबून दिसत होते. जाता येत नव्हतं.

झेल्माबाई पहिल्या रांगेत बसल्या. छातीला वॉन्डानं लावलेला बिल्ला होता: 'कुटुंबीय'.

दोन वाजता बर्लच्या पथकानं सुरुवात केली. आई गेली. मग दुसऱ्या गाण्यात दुसरी आई गेली. तिसऱ्यात घर मोडकळलं, चौथ्यात आगगाडी दरीत कोसळली आणि जरा बरं वाटलं. पाचव्यात पुन्हा कबर. वर आभाळ, खाली चिखल, मध्ये मरणाची गाणी; मागच्या रांगेतली एक बाई उघडपणे रडायला लागली आणि तिचा नवरा तिला गाडीकडे घेऊन गेला, म्हणजे मैलभर. ब्रदर कॉय वेंडेलच्या कानात म्हणाले, "एखादा खून चालला असता रे."

मग सभासदांचं भाषण झालं. या दरीचा सुपुत्र, एकलव्यासारखा… नाही, ते एकलव्य म्हणाले नाहीत, पण अर्थ तोच: गुरूविना, एकट्यानं, डोंगराच्या सावलीत विद्या मिळवली. वेंडेल झेल्माबाईंकडे बघत होता. त्यांनी एकाग्रतेनं ऐकलं आणि शेवटी टाळ्याही वाजवल्या, गाठी सांभाळून.

सभासद दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं म्हणून अनावरण न करताच उतरले आणि वेंडेल माइकपुढं उभा राहिला. "मला एकच गोष्ट सांगायची आहे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मैदानभर घुमला; आपला आवाज इतका मोठा त्यानं कधी ऐकला नव्हता. "ती रेकॉर्ड…"

माइकला वीज पुरवणारं जनित्र एकदा खोकलं आणि बंद पडलं.

वेंडेलला ते कळलंच नाही. त्यानं डोळे मिटले होते, तालमीत मिटायचा तसे. एकतीस वर्षं काचेमागून हळू बोलायची सवय झालेल्या आवाजात त्यानं सगळं सांगितलं: गिरणी, झोळी, वडील, पाय आपटणारा आर्व्हिल, सतरा नाही, अठरा नाही, एकोणीस वर्षांची पोर. आपण तीन आठवडे भ्यालो, हेसुद्धा सांगितलं. जन्मातलं सगळ्यात शूर भाषण तो देत होता, आणि तेवढ्यात वीज कडाडून खरा पाऊस सुरू झाला. मैदानाला दिसत होता फक्त एक भिजका माणूस, डोळे मिटून ओठ हलवणारा. प्रार्थना चालली आहे असं समजून काहींनी टोप्या काढल्या, 'आमेन' म्हटलं आणि पळत सुटले.

वेंडेलनं डोळे उघडले तेव्हा समोर ओल्या खुर्च्या होत्या. पहिल्या रांगेत झेल्माबाई आणि त्यांच्यावर छत्री धरून उभी असलेली वॉन्डा. त्यांना ऐकू गेलं होतं. आणि व्यासपीठावरच्या ताडपत्रीखाली, वेंडेलच्या पाठीमागे दोन हातांवर, बर्ल हॉलिफील्ड उभा होता. त्यालाही.

बर्लचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो खाली उतरला, झेल्माबाईंना दंडाला धरून ताडपत्रीखाली आणलं, स्टुलावर बसवलं आणि आपला बँजो त्यांच्या मांडीवर ठेवला. ठेवला कसला, पुरावा मागावा तसा पुढं केला.

"वाजवा, बाई."

"बर्ल!" वॉन्डा ओरडली. "त्यांचे हात बघ!"

"वाजवू दे. खरं असेल तर वाजेल."

झेल्माबाईंनी बोटं तारांवर ठेवली. सुरुवात केली. चार मात्रा बऱ्या गेल्या, पाचवीला मधलं बोट उठलंच नाही. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्न केला नाही. बँजोवर हात सपाट ठेवला. "नाही येत आता," त्या म्हणाल्या. "येत होतं."

वेंडेलला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. सेप्टिक टाकीही चालेल. आपण सत्य सांगायला गेलो आणि या बाईची तिच्या साठ वर्षांपूर्वीच्या वाजवण्यासमोर फजिती करून ठेवली.

बर्लनं बँजो परत घेतला. सुटल्यासारखा श्वास सोडला. "मग मला एवढंच सांगा," तो म्हणाला, आता जरा चढ्या आवाजात. "रेकॉर्डवर तिसऱ्या फेरीत ती उचकी आहे. अर्धी मात्रा थांबून मग झेप. आर्व्हिलची उचकी. ती जमली तर बँजोवाला, नाहीतर पोरखेळ, असं सगळी दरी मानते. मला दोन हिवाळे लागले तिला. ती कशी बसवली होती? वाजवणाऱ्याला माहीत असणारच."

झेल्माबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"बसवली नव्हती, बर्ल," त्या म्हणाल्या. "अंगठ्यातली नखी निसटली. आर्व्हिलची नखी, मला सैल व्हायची. पडता पडता पकडली, आणि मग धावत ताल गाठला. पुन्हा वाजवू म्हटलं मी. स्टेशनचा माणूस म्हणाला, वेळ नाही."

ताडपत्रीवर पाऊस वाजत होता. बर्लनं बँजो छातीशी धरला, आणि उजव्या हातानं हवेत, अगदी हळू, ती जागा वाजवून पाहिली. अंगठा सैल सोडला. पकडला. झेप घेतली. त्यानं ते पुन्हा केलं. मग तो ओल्या खुर्चीवर बसला.

"दोन हिवाळे," तो म्हणाला.

वॉन्डा कोपऱ्यात गेली आणि दगडावरचा भिजून चिकटलेला टेबलक्लॉथ ओढून काढला. अनावरण झालं. झेल्माबाई छत्रीखालून चालत गेल्या आणि वाकून पाटी वाचली.

"नाव बरोबर लिहिलंय," त्या म्हणाल्या. "बहुतेक लोक ऑर्व्हिल लिहितात."

पुढची हकीकत थोडी आहे आणि तिच्यात पाऊस नाही. वर्तमानपत्रानं छापलं, की दिवंगत वादकाच्या भगिनी, ज्यांना स्वतःलाही संगीताची आवड आहे, आवर्जून उपस्थित होत्या. वेंडेलनं संपादकाला दोन पत्रं पाठवली, ती छापून आली नाहीत. चर्चच्या मंडळानं दगडाबद्दल कौंटीकडे बोट दाखवलं. वेंडेलनं नंबर घेतला. मिसेस फ्लीनर यावेळी मान वर करून बोलल्या, अगदी मायेनं बोलल्या, आणि म्हणून जास्त वाईट वाटलं. पाटी बदलता येते. स्मारक ज्याच्या नावाचं आहे त्याची हरकत नाही, असं लिहून हवं. तो हयात नसेल तर त्याच्या वतीनं जवळच्या नातेवाइकाची सही.

वेंडेल कागद घेऊन ओढ्याच्या वर गेला. जाताना गाडीत तो चक्क शीळ घालत होता. जवळची नातेवाईक एकच होती, आणि तिचाच फायदा होता.

झेल्माबाईंनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

"इथं मी आर्व्हिल म्हणून सही करायची."

"आर्व्हिलच्या वतीनं. नुसता नियम आहे, मिस झेल्मा. मी नियमांत जन्म काढलाय. एक सही, की पाटीवर तुमचं नाव."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि त्याच्यापुढं सरकवली. "त्याच्या वतीनं मी एकदा वाजवलं, वेंडेल. तेवढं पुरे."

वेंडेलनं समजावलं. मग थोडं रागावून समजावलं. मग कॉफी प्यायला आणि घरी आला. कागद अजून त्याच्या टेबलाच्या खणात आहे. दगड हलला नाही.

नोव्हेंबरात अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये शुक्रवारची गाण्याची बैठक होती. बीन्सची आमटी, मक्याचा पाव, घडीच्या खुर्च्या. वेंडेल मागच्या रांगेत बसला, शेजारी ड्युएन. बर्लनं तीन-चार गाणी वाजवली, सगळी खुनांची. मग त्यानं त्या रेकॉर्डवरची धून धरली आणि लोक खुर्च्यांत पुढं सरकले. पहिली फेरी, दुसरी फेरी. तिसऱ्या फेरीत सगळ्यांनी उचकीसाठी श्वास रोखला.

बर्ल थांबला नाही. ती जागा तो सरळ वाजवून पुढं गेला, एकसारखी, एकही मात्रा न चुकवता, एकोणीस वर्षांच्या पोरीला जशी वाजवायची होती तशी. मान त्यानं वर केली नाही.

हॉलमध्ये कुजबुज झाली. टाळ्या पडल्या, पण आजाऱ्याला भेटून आल्यावर बोलतात तशा दबक्या.

"गेला रे बर्लचा हात," ड्युएन वेंडेलच्या कानाशी म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. "आर्व्हिलची उचकी आता या दरीत कुणाला येत नाही."

वेंडेल त्याच्याकडे वळला. एवढ्या दिवसांत प्रथमच आवाजात कंप नव्हता. "ड्युएन," तो म्हणाला, "नीट ऐक, मी तुला एक सांगतो." पण तोवर पुढचं गाणं सुरू झालं होतं, आणि ड्युएननं त्याच्या गुडघ्यावर थोपटून, ओठांवर बोट ठेवलं.